यादीबाहेरचं नाव

भुसावळ, रेल्वे क्वार्टर
१४ जून २०२०

चि. सौ. रत्ना हिस,
थोरल्या जावेचे आशीर्वाद.

वनाच्या गाडीतून पाठवलेली वांगी, मिरच्या आणि तुझी चिठ्ठी पोचली. वांगी मिठाच्या पाण्यातून काढली आणि त्याच दिवशी भरीत केलं. चिठ्ठी मात्र बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातली, झाकण लावलं आणि तीन दिवस कपाटावर ठेवून दिली. हसू नकोस. कागदावर हा विषाणू किती वेळ जगतो ते कोणी एक सांगत नाही. तू गावची आशाताई, आरोग्याच्या कामासाठी दिवसभर पन्नास उंबरे हिंडतेस, आणि वना भाजीची गाडी घेऊन कुठे कुठे जातो ते त्याचं त्याला माहीत. वांगी धुता येतात, चिठ्ठी कशी धुणार? तेव्हा चिठ्ठी चौथ्या दिवशी उघडायची, हा आता माझ्या घरचा नियम समज.

फोनवर बोलता आलं असतं तर हा खटाटोप कशाला केला असता? पण माझे कान तुला माहीत आहेत. समोरच्याचे ओठ दिसले तर कळतं, फोनवर नुसती माशी गुणगुणते. ह्यांना मध्ये घालून बोलावं म्हटलं तर तू ह्यांच्याशी तोंड उघडशील तेव्हा ना! एकोणीस वर्षं झाली तुझ्या लग्नाला, पण जेठाची, थोरल्या दिराची, मर्यादा म्हणून ह्यांच्याशी एक सरळ वाक्य बोलली नाहीस. खळ्यात ह्यांच्या पायाशी साप निघाला तेव्हासुद्धा भिंतीकडे तोंड करून ओरडलीस, "कोणाच्या तरी पायाजवळ जनावर आहे!" हे अजून ती गोष्ट सांगून हसतात.

आता खरं लिहिते. मला फार भीती वाटते गं. समोरच्या क्वार्टरमधले अभिमन गार्ड गेले. चोपन्न वर्षांचा धडधाकट माणूस. गुरुवारी खोकला आला आणि सोमवारी खेळ खलास. त्यांची बायको म्हणत होती, थोडी साखर होती, थोडं बीपी होतं, बाकी काही नाही. टीव्हीवर रोज तेच सांगतात. साठीच्या वरचा माणूस, साखर, बीपी, दमा, किडनी, यातलं काही असलं की हा रोग सोडत नाही. गार्डांची मयतसुद्धा घरी आणू दिली नाही. हे रोज रेल्वेच्या शेडमध्ये कामाला जातात आणि संध्याकाळी दाराची कडी वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

अशा जोखमीच्या लोकांची गावातली यादी तुला करायला दिली आहे, असं लिहिलंस. आपल्या घरातलं कोण आहे त्यात? सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना ओट्यावरसुद्धा बसू देऊ नकोस. आपण आपली माणसं डोळ्यांत तेल घालून जपली पाहिजेत.

तुझी,
दिपमाला अक्का


निमखेडे, ता. शिंदखेडा
२१ जून २०२०

ती. अक्कांना रत्नाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या डब्याचं वाचून मी आणि लेक मोनाली पोट धरून हसलो. मग तुमच्या गार्डबाबांचं वाचलं आणि हसू जिरलं.

अक्का, यादी करणं म्हणजे नाकी नऊ येतात हो. गावात बातमी उठलीय की यादीत नाव आलं की गाडी येते आणि उचलून नेते, आणि नेलेला माणूस परत येत नाही. मग कोण खरं सांगणार? कुंदाबाईला मी लग्न होऊन आले तेव्हापासून म्हातारीच बघतेय, ती म्हणते माझं वय पंचेचाळीस लिही. उखर्डू आबांना तीस वर्षांचा दमा. मी दारात दिसले की त्यांचा पंप उशीखाली आणि श्वास छातीत कोंडून धरलेला. चेहरा लाल होतो, पण म्हणतात, "मी घोड्यासारखा आहे, लिही." मी बसून राहते. दोन मिनिटांत खोकला येतो, मग लिहिते. अशी त्रेसष्ट नावं झाली.

आपल्या घरातलं एकच नाव, आईंचं. त्यांना सांगितलं तर मला म्हणाल्या, "माले काय व्हस? मन्हं नाव लिखाले तू कोन शे?" दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. मी त्यांना मागच्या खोलीत ठेवलंय, ताट-तांब्या वेगळा. बाहेरून आले की मी न्हाणीत जाऊन अंघोळ केल्याशिवाय घरात पाय टाकत नाही. ह्यांनाही तसंच करायला लावते. हे मस्करी करतात. म्हणतात, "दोन पोती एकदम उचलणाऱ्याला विषाणू काय करेल?" सगळ्या गावाला हे म्हणजे बैल वाटतात. बाकी ह्यांच्याबद्दल एक बोलायचं होतं, पण ते समोर भेटल्यावर.

मोठ्या भाऊजींना जपा. आल्यावर गरम पाणी द्या.

आपली,
रत्ना


भुसावळ
५ जुलै २०२०

चि. सौ. रत्ना हिस, आशीर्वाद.

परवापासून इथे पुन्हा सगळं बंद होणार आहे. लोकांनी किराण्यासाठी अशी झुंबड उडवलीय की घरात बसून मिळाला नसता तो रोग आता रांगेत मिळेल. मी मीठ-तेलावर भागवेन, पण जाणार नाही.

मुख्य गोष्ट श्रावणातल्या कानबाईची. रत्ना, यंदा कानबाई बसवू नका. मी हात जोडते. मला देवीचं वेड नाही असं नाही, तुझ्या लग्नाआधीपासून मी तिच्या प्रसादाचे गोड रोट भाजतेय. पण सगळे भाऊबंद एका घरात, एका पंगतीत, दोन रात्री जागरण. त्यात कोणाच्या अंगात काय आहे ते कोणाच्या कपाळावर लिहिलेलं असतं का? आणि मधोमध सासूबाई. तू त्यांना समजाव. तू सरकारी माणूस आहेस, तुझं ऐकतील.

ह्यांच्याजवळ विषय काढला तर पेपर वर करून वाचत बसले. तुझ्या जेठाचं मौन म्हणजे होकार की नकार ते मला बत्तीस वर्षांत कळलेलं नाही.

तू त्या पत्रात प्रेमराजबद्दल काय बोलायचं होतं ते अर्धवट का ठेवलंस? माझ्या जिवाला घोर लागलाय. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चौथीत होता. त्याच्या चड्डीची नाडी मी बांधून दिलीय. मला सांगायला लाजायचं कारण नाही.

दिपमाला अक्का


निमखेडे
१४ जुलै २०२०

ती. अक्कांना नमस्कार.

मी हरले. आईंना समजवायला गेले, तर कपाळावर हात मारून घेतला. "कानबाई घरमा येस तवय रोग काय करी? रोट चुकाडशात ते मी जीव दिसू!" रोट चुकवले तर जीवच देते म्हणतात. मग हेसुद्धा त्यांच्या बाजूने. आपले सासरे आबा गेले त्या वर्षाखेरीज आपल्या घरची कानबाई चुकली नाही म्हणतात. ह्यांनी भाऊजींना फोन लावला. भाऊजी म्हणाले, "थोरला मी आहे, मी नाही आलो तर रोट कोण फोडणार? येतो." झालं.

पाचोऱ्याचे युवराज भाऊजी येणार नाहीत. सुरतवालेही नाहीत, शिरपूरचे चुलतसासरेही नाहीत. भाऊबंदातल्या अकरा पुरुषांपैकी येणार म्हणजे मोठे भाऊजी, हे आणि गावातलेच भटू काका. पण आईंनी गहू मात्र अकराही जणांच्या नावाने मापून काढला, हजर असो की नसो. मी म्हटलं, "आई, एवढे रोट खाणार कोण? पौर्णिमेच्या आत संपवायचे, भाऊबंदाबाहेर कोणाला तुकडा द्यायचा नाही." तर हे म्हणाले, "मी आहे की!" आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मला ते मुळीच आवडलं नाही.

माझ्या अटी वाचून घ्या. तोंडाला रुमाल. आईंच्या खोलीत कोणी जायचं नाही, लांबून पाया पडायचं. ऑक्सिजन बघायचं यंत्र मला आरोग्य केंद्रातून मिळालंय, आल्या आल्या दोघांनी बोट द्यायचं. भाऊजींना हे तुम्हीच सांगा. मी कसं सांगणार?

ह्यांच्याबद्दल तसं काही नाही अक्का. उगाच लिहून गेले.

रत्ना


भुसावळ
३० जुलै २०२०

चि. सौ. रत्ना हिस, आशीर्वाद.

मंगळवारी सुखरूप पोचलो. वनाने गाडीच्या पुढच्या सीटवर मला बसवलं आणि हे मागे कांद्याच्या पोत्यांवर झोपून आले. अजून पडूनच आहेत, जागरणाचा शीण म्हणतात. वय झालं आता, पण कबूल कोण करतं?

कशाला खोटं बोलू, आल्याचं बरं वाटलं. चार महिन्यांनी माणसांचे चेहरे बघितले. दोघे भाऊ आपल्या रीतीप्रमाणे एका ताटात रोट घेऊन बसले तेव्हा सासूबाई मागच्या दारातून बघून रडत होत्या. तुझा बंदोबस्त मात्र पक्का हो. त्यांच्याजवळ कोणाला फिरकू दिलं नाहीस.

पण मी एक बघितलं. प्रेमराज वाळलाय. पॅन्टला दोरी बांधलीय त्याने. आणि तांब्यामागून तांब्या पाणी पितो, रात्री चार वेळा उठून बाहेर जातो. मला ऐकू येत नाही, पण दिसतं. वर रोट खातोय तो कसा, तर कोणाशी पैज लावल्यासारखा. मी तुझ्याकडे बघितलं तर तू मान फिरवलीस. काय चाललंय?

मला खरं लिही. मी कोणाला सांगणार नाही.

दिपमाला अक्का


निमखेडे
५ ऑगस्ट २०२०

अक्का,

हे पत्र वाचाल तेव्हा भाऊजींना शेजारी बसवा.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी हे जेवायला बसले. रोटाचा तुकडा तोंडात घातला आणि म्हणाले, "आई, यंदा रोटात गूळ घातला नाही का?" आईंना राग आला, वरून अजून गूळ किसून दिला. ह्यांनी तोही खाल्ला आणि म्हणाले, माती लागते. सगळे हसले. माझ्या हातातली पळी खाली पडली. हे मी चार महिने लोकांच्या दारात विचारतेय, "तोंडाला चव आहे का? वास येतो का?" आता माझ्याच चुलीपुढे उत्तर आलं.

संध्याकाळी ताप. रविवारी तपासणीचा निकाल आला. गाडी आली तेव्हा सगळं गाव ओट्यांवर उभं होतं. हे स्वतःच्या पायांनी चढले, वरून हात हलवला. मी, मोनाली आणि आई घरात बंद आहोत, दाराला बाहेरून पाटी लावलीय. धुळ्याला मंगल कार्यालयात सेंटर काढलंय, तिथे ठेवलंय. काल ऑक्सिजन लावला, सुया चालू केल्या, हे तुम्हाला भाऊजींनी सांगितलंच असेल. डॉक्टर फक्त त्यांच्याशीच बोलतात, कागदावर त्यांचा नंबर आहे.

आता ऐका. ह्यांना साखर आहे. मार्चमध्ये केंद्रात शिबिर होतं, ह्यांनी मस्करीत बोट पुढे केलं, दोनशे अडुसष्ट निघाली. गोळ्या मी आणून देते, तुरीच्या डब्यात लपवून ठेवते. आठवण केली तर घेतात, नाहीतर नाही. यादी करायला बसले तेव्हा ह्यांनी माझा हात धरला. "मन्हं नाव लिखू नको. गाडी यी नि माले ली जाई." मी म्हटलं, असं काही नसतं, लोकांना मीच तर समजावते. तर मला कानबाईची शपथ घातली. म्हणाले, गाव मला बैल म्हणतं, तू मला आजारी करू नको. मी पेन खाली ठेवलं. सबंध गावाच्या उशा उचलून पंप शोधले आणि माझ्या घरातलं नाव खाल्लं.

आणि तो रोट! माझ्या डोळ्यांदेखत चार दिवस गोड खाल्लं त्यांनी. आई समोर, तुम्ही समोर, मी काय म्हणून हात धरणार होते?

मला वाटलं, तिथे ते सांगतील, नाहीतर सेंटरवाले आपण होऊन तपासतील. काल रात्री फोनवर विचारलं, "सांगितलं का साखरेचं?" तर धाप लागत होती तरी म्हणाले, "हो हो." अक्का, त्यांच्या "हो हो"वर माझा विश्वास नाही. ज्या सुया देताहेत त्यांनी साखर भडकते, हे आम्हाला शिकवलंय. भाऊजींनी डॉक्टरांना सांगायलाच हवं. मी केंद्रातल्या सिस्टरला सांगायला गेले तर यादी खोटी केली म्हणून माझं काम जाईल, ही भीतीसुद्धा मनात येते. लाज वाटते लिहायला, पण येते.

काल भाऊजींना तीनदा फोन लावला. पहिली घंटी गेली की फोन कापायचे. त्यांचा उलट फोन आला तर मोनालीच्या हातात दिला. तिला साखरेचं काही ठाऊक नाही, ती म्हणाली, "काका, चुकून लागला." एकोणीस वर्षं गळ्यातून आवाज काढला नाही, तो ऐन वेळी निघत नाही अक्का.

वनाला ओट्यावरून हाक मारून हे पत्र देतेय, डब्यात न घालता लगेच उघडा असं तुम्हाला सांगायला त्याला बजावलंय. आजच्या आज सांगा.

रत्ना


भुसावळ
१० ऑगस्ट २०२०

रत्ना,

तुझं पत्र पाच तारखेलाच रात्री आलं; वना रुमालाआडून काहीतरी म्हणाला, पण त्याचे ओठ दिसले नाहीत. मी काल संध्याकाळी वाचलं.

पॉझिटिव्ह घरातलं पत्र म्हणून मी चिमट्याने धरलं आणि डब्यात घातलं. इतर वेळी तीन दिवस ठेवते, हे एक दिवस जास्त ठेवलं. त्या डब्याखाली मी रोज झोपत होते. रोज ह्यांना विचारत होते, प्रेमराजचं काय, आणि हे सांगत होते, डॉक्टर म्हणतात वय कमी आहे, दुसरा आजार नाही, निघेल बाहेर.

दुसरा आजार नाही, असं ह्यांनीच सांगितलं होतं त्यांना! फॉर्म भरताना फोनवर विचारलं आणि ह्यांनी छातीठोकपणे सांगितलं, माझ्या भावाला आयुष्यात सर्दीसुद्धा झालेली नाही.

काल वाचताक्षणी ह्यांना पत्र दाखवलं. ह्यांचा चेहरा मी लिहू शकत नाही. लगेच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आज सकाळी बडबडायला लागला म्हणून साखर बघितली, पाचशे चाळीस आहे. मोठ्या दवाखान्यात हलवलंय, मशीनवर ठेवलंय. आधी कळलं असतं तर, असं म्हणाले आणि फोन ठेवला.

रत्ना, तुला एक फोन करता आला नाही? भिंतीकडे तोंड करून का होईना, ओरडायचं होतंस! नाही, नाही. मी तुला कोणत्या तोंडाने बोलू? मी तर कागदाला भ्याले. मला रात्रभर झोप नाही. देवघरात बसलेय, पण कानबाईकडे बघवत नाही.

हे पहाटेच पास काढून धुळ्याला गेले. काही कळलं की

(इथे थांबते. वना खाली उभा आहे, पत्र देते.)


निमखेडे
२५ ऑगस्ट २०२०

ती. अक्कांना नमस्कार.

तेरावं झालं. आम्ही तिघी आणि भटू काका. बाहेरून कोणी आलं नाही, आम्ही कोणाला येऊ दिलं नाही.

अकरा तारखेला मोठ्या दवाखान्याच्या आवारात मला लांबून दाखवलं. वरपासून खालपर्यंत बांधलेलं होतं. पायांची लांबी बघून ओळखलं. भाऊजी पलीकडे उभे होते. मी इकडे. मध्ये ती गाडी.

आईंचाही निकाल पॉझिटिव्ह आला होता, तुम्हाला कळलंच असेल. ज्यांच्यासाठी दारं लावून बसले, ताट वेगळं, तांब्या वेगळा, त्या दोन दिवस खोकल्या आणि उठून बसल्या. आता दिवसभर एकच म्हणतात, "मन्हं नाव लिखेल व्हतं ना वं? मंग त्याले काबरं ली गया?" साखरेचं त्यांना कसं सांगू? तुम्हीच सांगा.

परवा मी केंद्रात गेले. सिस्टरसमोर वही ठेवली आणि सगळं सांगितलं. म्हटलं, मला काढून टाका. त्यांनी वही घेतली आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. काढलं नाही. पण तिथल्या बाया माझ्याकडे ज्या नजरेने बघतात त्यापेक्षा काढलेलं बरं होतं. मग मी पुन्हा गावात फिरले. आता कोणी लपवत नाही अक्का. बेबाबाईने स्वतः बोलावून बीपीच्या गोळ्या दाखवल्या. उखर्डू आबा पंप हातात घेऊनच दारात उभे होते. मला बघून सगळे खरं सांगतात. मी लिहून घेते आणि पुढच्या दारी जाते, मला त्यांच्या दारात रडायचं नसतं.

तुम्ही पत्राबद्दल स्वतःला दोष देता. देऊ नका. पत्र उशिरा उघडलं ते चार दिवस. मी गप्प बसले ते पाच महिने. त्याचा हिशोब माझ्याकडे आहे, तो तुम्ही वाटून घेऊ नका.

एकच मागणं आहे. भाऊजींची साखर तपासा. सख्ख्या भावाला होती, आईंच्या बहिणीलाही होती, हे घराण्यात असतं. उद्याच तपासा, आणि आकडा मला कळवा. मला खरा आकडा हवा.

रत्ना


भुसावळ
२ सप्टेंबर २०२०

रत्ना हिस,

नावाआधी काय लिहायचं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. मी भूपेंद्र. दिपमालाला सांगितलं की या वेळी मी लिहितो. तिने वाचलेलं नाही.

तू मागितलेला आकडा. जेवणाआधी ९८. खात्री वाटेना म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासली. १०१. बीपी चांगलं आहे. छातीचा फोटो स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नशीबवान आहात. मला ते ऐकवलं नाही, मी पैसे टेबलावर ठेवून बाहेर आलो.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो.

बावीस जुलैला शेडमधला माझ्या बरोबरचा माणूस पॉझिटिव्ह निघाला. आम्ही एका डब्यातून जेवायचो. साहेबांनी मला चौदा दिवस घरी बसायला सांगितलं. मी घरी सांगितलं की कानबाईसाठी रजा मिळाली. चोवीसच्या रात्री मला कणकण होती. तापाची गोळी घेतली. सकाळी घाम येऊन अंग हलकं झालं, म्हटलं गेलं, आणि वनाच्या गाडीत बसलो. तुमच्या दारात तू मोनालीच्या हातून ते बोटाचं यंत्र पाठवलंस, त्यात सत्त्याण्णव दाखवलं. मला वाटलं, देवीनेच कौल दिला. परत येतानासुद्धा अंग दुखत होतं. ते जागरण नव्हतं.

मी आईपासून लांब बसलो. तू सांगितलंस तेवढं नाही, त्याच्या दुप्पट लांब. तिच्या पाया पडताना श्वास रोखून धरला होता. मला फक्त आईची भीती होती. प्रेमराजपासून लांब बसायचं माझ्या मनातच आलं नाही. त्याला काही नाही, तो बैल आहे, हे मला पक्कं माहीत होतं. मी त्याच्याबरोबर एका ताटात जेवलो. तोंडाचा रुमाल काढून. पहिला तुकडा मी त्याच्या तोंडात घातला, थोरल्याने घालायचा असतो म्हणून.

तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं, तू त्याचा आजार लपवलास आणि मी माझा. तुझं लपवणं मला माहीत असतं तर मी त्या ताटावर बसलो नसतो. माझं तुला माहीत असतं तर तू मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतंस. त्याला माझा ताप लागलाच नसता, आज तो खळ्यात असता. मला तो ताप एका गोळीवर गेला. दिपमालालाही काही झालं नाही. आईलासुद्धा त्याने सोडलं.

तुझ्या पत्रात तू हिशोब एकटीच्या नावावर घेतलास. गावातली माणसं तुझ्याकडे बघतात, केंद्रातल्या बाया बघतात, असं लिहिलंस. माझ्याकडे कोणी बघत नाही. शेडमध्ये सगळे येऊन हात धरतात, भाऊ गेला म्हणून हळहळतात. मी मान हलवतो. तेवीस दिवस मान हलवतोय. आता माझ्याने होत नाही.

दिपमालाला हे पत्र पाठवून झाल्यावर सांगणार आहे. आईला सांगायची हिंमत झालेली नाही. फोनवर सांगायचं नाही, एवढं ठरवलंय. येत्या रविवारी मी निमखेड्याला येतो. बाहेर ओट्यावर बसेन. आईला सांगेन, तुला सांगेन, मोनालीलाही सांगेन, तोंडावर. तुम्हाला जे बोलायचं ते बोला. मला ऐकायचं आहे.

दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

भूपेंद्र